शैवालातलं विष आणि प्रवाळावरचे मासे: मासा खरंच झिंगतो का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. लक्षद्वीपमध्ये कदमत बेटाच्या लगूनमध्ये (प्रवाळांच्या कड्याआडच्या उथळ, शांत पाण्यात) स्नॉर्केलिंग करताना एक सर्जनफिश दिसला. डोकं वर, शेपूट खाली, जरासा एका कुशीवर कललेला, तोंड आणि कल्ले उघडे, रंग उडालेला. जवळ गेलं तरी पळेना. सोबतचा गाइड म्हणाला, "विषारी शेवाळ खाल्लंय, झिंगलाय तो." हे खरं असू शकतं का? आणि शैवालात निसर्गतः असणाऱ्या विषांमुळे रीफवरच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवरच्या, माशांचं वागणं बदलतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो, आणि पुष्कळ बदलतं. पहिल्याचं उत्तर बहुतेक नाही असंच द्यावं लागेल, तर आधी ते उरकून टाकू.

तुम्ही केलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की तो मासा अंगाची सफाई करून घेत होता असं मी बऱ्याच खात्रीने म्हणेन. रीफवर काही ठरावीक ठिकाणी क्लीनर रॅस नावाचा बोटभर लांबीचा, निळसर अंगावर काळा पट्टा असलेला मासा राहतो. मोठे मासे त्याच्याकडे येतात, जागच्या जागी थांबतात, तिरके होतात, तोंड आणि कल्ले उघडतात. कित्येक जण रंगसुद्धा बदलतात, कारण फिक्या किंवा गडद अंगावरचे परजीवी क्लीनरला नीट दिसतात. सर्जनफिश, गोटफिश, हेकरू, सगळे हे करतात. अशा वेळी मासा इतका स्वस्थ असतो की माणूस हातभर अंतरावर आला तरी हलत नाही. नवख्या माणसाला तो नशेत वाटला तर नवल नाही. पुढच्या वेळी असा मासा दिसला की त्याच्या कल्ल्यांजवळ मिनिटभर बघत राहा. तो निळा-काळा पट्टा आत-बाहेर करताना दिसेल.

गाइडच्या बोलण्यावर माझी दुसरी शंका अशी की खरोखर झिंगलेला मासा रीफवर फार वेळ दिसतच नाही. तोल गेलेला, गिरक्या घेणारा, वेळेवर न पळणारा मासा म्हणजे हेकरू, ट्रेव्हली आणि मोरे ईलला आयतं जेवण. म्हणून पाण्यात आपल्याला जे मासे दिसतात ते एक तर विषाला न बधणारे, किंवा विषाच्या वाटेला न जाणारे. या विषयावर बोलताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. टाकीतल्या माशाला विष दिलं तर काय होतं हे एक, आणि रीफवर त्या विषाने काय घडवलंय हे दुसरं. माझं मत असं, की शैवालाच्या विषाचा सगळ्यात मोठा परिणाम मासा चावा घेतो त्यानंतर दिसत नाही, तो चावा घेण्याच्या आधी दिसतो. मासा कुठे चरतो, कधी चरतो, काय टाळतो, कोणाच्या मागे जातो, हे सगळं विषाने आखून दिलेलं असतं.

हालिमेडाचं उदाहरण घ्या. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये तुम्ही ती नक्की पाहिली असेल. हिरव्या, चपट्या, चकत्यांसारख्या पेरांची माळ असलेलं शैवाल. वाळून पडलं की पांढरंफटक होतं. लगूनमधल्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग अशा पेरांचा चुरा असतो. या पेरांत चुना भरलेला असतो, तो एक बचाव. दुसरा बचाव रासायनिक. धडधाकट पेरात हालिमेडाटेट्राअ‍ॅसिटेट नावाचं तुलनेने सौम्य द्रव्य असतं. माशाने चावा घेतला, पेशी फुटल्या, की तिथल्या तिथे त्याचं हालिमेडाट्रायल या जास्त जहाल द्रव्यात रूपांतर होतं. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर व्हॅलरी पॉल आणि सहकाऱ्यांनी हे काम केलं. चव तोंडात गेल्यावर तयार होते, म्हणजे शैवालाला तीव्र विष कायम बाळगत बसावं लागत नाही.

हे पाण्यात बघायला मोठी मजा येते. पॅरटफिश खडकावरून चोच घासत पुढे सरकत असतो, कर्र कर्र आवाज येत असतो, आणि मध्येच हालिमेडाच्या झुपक्यावर एक चावा पडतो. मासा थबकतो. जबडा दोनदा हलतो, आणि तोंडातून हिरवे-पांढरे तुकडे धुरळ्यासारखे बाहेर येतात. मग तो दोन वीत बाजूला सरकून पुन्हा खडकावरचं बारीक शेवाळ खरवडायला लागतो. पुन्हा त्या झुपक्याकडे वळत नाही. पिल्लं हे जास्त करतात. मोठे मासे बहुतेक वेळा चाखायच्याही भानगडीत पडत नाहीत. काही पॅरटफिश आणि सर्जनफिश हालिमेडा खातातही, पण बेताने.

हालिमेडाची खरी चलाखी वेळापत्रकात आहे. नवी पेरं रात्री फुटतात. तेव्हा चरणारे मासे कपारीत झोपलेले असतात. कोवळं पेर सुरुवातीला जवळजवळ पांढरं असतं, त्यात खाण्यासारखं थोडं आणि विष भरपूर. उजाडायच्या सुमारास ते हिरवं होतं, आणि पुढच्या दोनेक दिवसांत चुना भरून कडक होतं. दिवसा चरणारा मासा आणि रात्री वाढणारं शैवाल, असा हा लपंडाव आहे. माशाच्या वागण्याचा शैवालावर किती दाब आहे हे यावरून कळतं. नुसतं 'विषाचा माशावर परिणाम' असं म्हटलं की अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं.

आता फिजीकडे जाऊ, कारण कोण काय खातं याचा हिशेब तिथे फार बारकाईने झालाय. डग्लस रॅशर, मार्क हे आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या जातींची शैवालं रीफवर ठेवून कॅमेऱ्याने कोणता मासा कशाला तोंड लावतो ते टिपलं. शाकाहारी मासे तिथे ढिगाने, पण एकेका शैवालाला हात घालणारे एक-दोनच. तपकिरी सरगॅसम आणि टर्बिनेरिया युनिकॉर्नफिश खातात. लाल शैवालांपैकी काही एका रॅबिटफिशच्या वाट्याला, काही एका पॅरटफिशच्या. आणि क्लोरोडेस्मिस नावाचं, हिरव्या केसांच्या झुपक्यासारखं दिसणारं, चांगलंच विषारी शैवाल खाणारा जवळजवळ एकटा दुसरा एक रॅबिटफिश, सिगॅनस अर्जेंटिअस. बाकीचे मासे त्याला वळसा घालून जातात.

याचा अर्थ मासेमारी करणाऱ्यांनीही समजून घ्यायला हवा. रीफवर शंभर शाकाहारी मासे आहेत म्हणून शैवाल आटोक्यात राहील असं होत नाही. नेमका तो एक रॅबिटफिश जाळ्यात गेला की क्लोरोडेस्मिसला रान मोकळं. उरलेले मासे भुकेले असले तरी सहसा त्याला तोंड लावत नाहीत, ज्यात विष नाही तेच जास्त जास्त खरवडत बसतात, आणि विषारी शैवालाला अजून जागा करून देतात. एका माशाची उणीव दुसरा भरून काढेल हा हिशेब विषामुळे चुकतो.

क्लोरोडेस्मिस शेजारच्या प्रवाळाला लागलं तर प्रवाळही पोळतं, कारण त्या शैवालाच्या पृष्ठभागावर तेलात विरघळणारी द्रव्यं असतात. इथे एक गमतीदार मासा येतो. अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत राहणारे चिमुकले गोबी. 2012 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध आला. त्यात म्हटलं होतं की क्लोरोडेस्मिस प्रवाळाला टेकलं की प्रवाळ रासायनिक हाक देतं, गोबी थोड्याच वेळात तिथे येतात आणि शैवाल कुरतडून दूर करतात. गोबींच्या अभ्यासलेल्या दोन जातींपैकी एक, गोबिओडॉन हिस्ट्रिओ, ते शैवाल गिळतेही, आणि तसं केल्यावर तिच्या अंगावरचा स्राव आणखी विषारी होतो. गोबिओडॉनचा स्राव विषारी असतो हे त्याआधीपासून माहीत होतं. शैवाल खाण्याशी त्याचा संबंध हे त्या निबंधाचं नवं सांगणं होतं.

हे उदाहरण सगळीकडे सांगितलं जातं, मीही सांगतो, पण एक गोष्ट जोडून. 2014 मध्ये त्याच नियतकालिकात फिजीवरच आणखी एक निबंध आला होता. शैवालाने भरलेल्या खराब रीफचा वास ओळखून माशांची आणि प्रवाळांची पिल्लं तिकडे वस्तीला जात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. तो निबंध 2022 मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. गोबींचा निबंध वेगळा आहे, पण दोन्हींवर पहिलं नाव एकच. त्यामुळे गोबींच्या बाबतीतले टक्केवारीचे आकडे मी कोणाला देत नाही. गोबी शैवाल कुरतडतात, हे मात्र डोळ्यांनी दिसणारं आहे. 'पिल्लं वासावरून रीफ निवडतात' ही कल्पना त्या एका निबंधावर उभी नाही, त्यासाठी इतर पुरावा आहे. पण शैवालाच्या वासाने ती परत फिरतात असं ठासून सांगणारा लेख कुठे वाचलात, तर तो कोणत्या निबंधाच्या आधारावर आहे तेवढं बघून घ्या.

टाळण्याची किंमत काय असते, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ग्वामचं आहे. तिथे वर्षातल्या ठरावीक काळात रॅबिटफिशची पिल्लं खुल्या समुद्रातून थव्यांनी उथळ रीफवर येतात. आल्या आल्या त्यांना शैवाल खायला लागतं, अंगात साठा नसतोच. 1990 च्या दशकात एका वर्षी नेमकं तेव्हाच लिंगबिया या सूत्रासारख्या सायनोबॅक्टेरियाने रीफचा तळ व्यापला होता. (सायनोबॅक्टेरिया काटेकोरपणे शैवाल नव्हेत, पण किनाऱ्यावरचा माणूस त्यांना शेवाळच म्हणतो, आणि इथे ते सोयीचं आहे.) पिल्लं मोठ्या संख्येने मेली. त्या लिंगबियातून य्पाओअमाइड नावाचं द्रव्य वेगळं केलं गेलं, आणि ते खाण्यात मिसळलं की मासे तोंड फिरवतात असं दिसलं. पिल्लं विष खाऊन मेली नसावीत, खायला दुसरं काही न उरल्याने उपासमारीने मेली असावीत, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. मला तो पटतो. शवविच्छेदनात विष सापडणार नाही, आणि तरी मारणारं विषच.

इथवर मोठ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या शैवालांचं झालं. ती माशाला चाखता येतात, थुंकता येतात. पण तुमचा सर्जनफिश ज्या विषाच्या संपर्कात येऊ शकतो ते वेगळ्या घरचं आहे, आणि तिथे ही निवड चालत नाही.

गॅम्बिअर्डिस्कस हा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एका प्रकारचं सूक्ष्म, एकपेशीय शैवाल. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहून लहान. तो पाण्यात फारसा तरंगत नाही. मोठ्या शैवालांवर, मेलेल्या प्रवाळावरच्या बारीक शेवाळाच्या गालिच्यात चिकटून राहतो. फ्रेंच पॉलिनेशियातल्या गॅम्बिअर बेटांवर 1970 च्या दशकात जपानी शास्त्रज्ञ ताकेशी यासुमोतो आणि स्थानिक संशोधकांनी तो शोधला. त्याच्यातूनच सिग्वाटॉक्सिन आणि मैटोटॉक्सिन ही विषं रीफच्या अन्नसाखळीत शिरतात. टेनोकीटस स्ट्रिआटस हा सर्जनफिश, जो लक्षद्वीपमध्येही भरपूर आहे, कंगव्यासारख्या बारीक दातांनी तो गालिचा झाडतो. त्याला गाळ, शेवाळ, जंतू, सगळं एकत्र तोंडात येतं. यातला एकेक डायनोफ्लॅजेलेट वेचून थुंकणं त्याला शक्य नाही. मैटोटॉक्सिन पहिल्यांदा सापडलं ते ताहितीत, याच माशात.

सिग्वाटॉक्सिन करतं काय? मज्जातंतूच्या पडद्यात सोडियम आत सोडणारी दारं असतात. इशारा आला की क्षणभर उघडायची आणि मिटायची. सिग्वाटॉक्सिन या दारांना चिकटलं की ती कमी इशाऱ्यावर उघडतात आणि मिटायला तयार होत नाहीत. दारावरच्या बेलचं बटण आत अडकून राहावं तसं: कोणी आलेलं नसतानाही बेल वाजतच राहते, आणि खरंच कोणी आलं तर कळत नाही. माशाचे मज्जातंतू या बाबतीत आपल्याहून फार वेगळे नाहीत. त्यांचीही दारं अडकतात.

आता हे माशाच्या पळण्याशी जोडून बघा. रीफवरचा मासा जगतो तो सुटकेच्या एका झटक्यावर. मेंदूच्या मागच्या भागात माउथनर पेशी नावाच्या दोन थोरल्या पेशी असतात, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. धोका जाणवला की यातली एक पेटते, शरीर इंग्रजी सी अक्षरासारखं वाकतं आणि मासा काही सहस्रांश सेकंदांत भलतीकडे फेकला जातो. या सगळ्या यंत्रणेला सोडियमची दारं वेळेवर उघडून वेळेवर मिटावी लागतात. तिथे थोडा जरी गोंधळ झाला तरी मासा मरायची गरज नाही. तो अर्धा क्षण उशिरा पळाला तरी हेकरूचं काम होतं.

टाकीतल्या प्रयोगांत हा गोंधळ स्पष्ट दिसतो. 1980 च्या दशकात अमेरिकेत गॅम्बिअर्डिस्कस किंवा त्याने विषारी झालेलं अन्न माशांना देऊन पाहिलं गेलं. मासे झटके देत पोहू लागले, रंग बदलला, तोल गेला, काही मेले. ऑस्ट्रेलियाच्या रिचर्ड लुईस यांनी 1992 मध्ये गप्पी माशाच्या जवळच्या एका छोट्या माशावर शुद्ध सिग्वाटॉक्सिन वापरून दाखवलं की ते माशांनाही चांगलंच मारक आहे. त्यावरून त्यांनी एक तर्क मांडला, तो मला फार आवडतो. माशाच्या अंगात विष एका मर्यादेपलीकडे साठूच शकत नाही, कारण त्याआधी मासाच मरतो. म्हणूनच सिग्वाटेरा (सिग्वाटॉक्सिन असलेला मासा खाऊन होणारी विषबाधा) झालेली माणसं महिनोन्‌महिने हैराण होतात, पण क्वचितच दगावतात. माणसाच्या ताटापर्यंत पोचणारा मासा हा त्या चाळणीतून उरलेला मासा असतो.

पण मग मोरे ईलचं काय? सिग्वाटॉक्सिनची रचना 1989 मध्ये उलगडली, ती मोरे ईलच्या विषावरून. त्यासाठी सुमारे 4,000 किलो ईल लागल्या, त्यांचे 125 किलो अंतर्गत अवयव काढले, आणि हाती आलं 0.35 मिलिग्रॅम शुद्ध विष. चिमटीत धरता येणार नाही इतकं. त्याच वजनाच्या माशांनी माणसांच्या अख्ख्या वस्त्या आजारी पाडल्या असत्या. आणि पकडण्याआधी त्या ईल कपारीतून डोकं काढून, जबडा उघडझाप करत नेहमीसारख्या बसलेल्या असणार. (ती जबड्याची उघडझापही श्वास घेण्यासाठी असते, रागाने नव्हे.) काही माशांत हे विष स्नायूंतल्या आणि यकृतातल्या प्रथिनांशी बांधलं जाऊन मज्जातंतूंपासून दूर राहत असावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मोठा मासा हळूहळू, वर्षानुवर्षं थोडं थोडं विष घेतो, हेही आहेच. टाकीत आपण ते काही तासांत किंवा दिवसांत देतो. म्हणून प्रयोगातला झटके देणारा मासा रीफवर शोधत बसू नये.

माझा अंदाज असा की सिग्वाटॉक्सिनचा खरा फटका अंड्यांना आणि डिंभकांना, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना, बसत असावा. मेडाका या जपानी छोट्या माशाच्या अंड्यांत अगदी सूक्ष्म मात्रा सोडल्यावर भ्रूणाच्या हृदयात आणि स्नायूंत बिघाड दिसले, मात्रा वाढवल्यावर झटके आणि वाकडे कणे दिसले, आणि अंड्यातून बाहेर येणारे कमी झाले. अंड्यात चरबी भरपूर, सिग्वाटॉक्सिन चरबीत विरघळणारं, तेव्हा आईकडून ते तिथे जाणं स्वाभाविक आहे. पण असं बिघडलेलं डिंभक खुल्या समुद्रात किती वेळ टिकणार? पाहणाऱ्याच्या नजरेस पडण्याआधीच ते संपलेलं असतं.

वागणं बदलतं पण मासा आजारी दिसत नाही, असं एक उदाहरण भूमध्य समुद्रातलं आहे. तिथे प्रवाळ रीफ नाहीत, खडकाळ किनारे आहेत, पण मुद्दा तोच. ऑस्ट्रेलियाकडून आलेल्या कॉलेर्पा सिलिंड्रेशिया या शैवालाने तिथले खडक व्यापले, आणि डिप्लोडस सार्गस नावाचा स्थानिक मासा ते पोटभर खाऊ लागला. त्या शैवालात कॉलेर्पिन नावाचं द्रव्य असतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या माशाच्या पिल्लांना कॉलेर्पिन मिसळलेलं खाणं दिलं, तेव्हा त्यांची आपसातली भांडणं कमी झाली. पाठलाग, चावे, अंगावर धावून जाणं, सगळं उतरलं. ऐकायला बरं वाटतं, पण माशाच्या जगात भांडण म्हणजे जागा आणि अन्न राखणं. भांडायचं सोडलेला मासा चांगला कोपरा गमावतो. पाण्यातून बघणाऱ्याला मात्र तो ठणठणीतच दिसेल. तुमच्या गाइडच्या म्हणण्याच्या सगळ्यात जवळ जाणारं काही असेल तर हे: झिंग म्हणता येणार नाही, पण स्वभाव बदलला.

काही वेळा वागणं खरोखर एका दिवसात, सगळ्या माशांचं एकदम बदलतं, आणि ते शैवाल बहरल्यामुळे. 2008-09 मध्ये ओमानचं आखात आणि पर्शियन आखातात कोक्लोडिनियम या डायनोफ्लॅजेलेटचा महिनोन्‌महिने टिकलेला बहर आला. समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प बंद ठेवावे लागले. ओमानच्या आखातावरच्या दिब्बाच्या रीफवर फांद्यांची प्रवाळं मेली, माशांच्या जाती आणि संख्या दोन्ही घटल्या. अशा बहरात मासे कल्ले फडफडवत वर येतात, उथळात गर्दी करतात, कपारीत राहणारे उघड्यावर येतात. पण यात विष किती, कल्ल्यांत अडकणारी बुळबुळ किती, आणि रात्री प्राणवायू संपल्याने किती, हे वेगळं काढणं कठीण असतं.

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी उघड आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2019 मध्ये मन्नारच्या आखातात मंडपमजवळ नॉक्टिलुका या सूक्ष्म जीवाचा बहर आला, पाणी हिरवं झालं, मासे आणि प्रवाळं मेली. तिथे मुख्य कारण निघालं प्राणवायूची घट. कोकणात लाटा रात्री निळ्या चमकतात त्या बऱ्याचदा याच जीवामुळे. तो सिग्वाटॉक्सिनसारखं मज्जातंतूंवर जाणारं विष करत नाही. म्हणून पहाटे किनाऱ्याशी मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले तर आधी प्राणवायूचा विचार करा, विषाचा नंतर. आणि रीफवर एकाच ठिकाणी, एकाच वेळी, वेगवेगळ्या जातींचे मासे आडवे पडून गिरक्या घेताना दिसले, तर शैवालाच्या आधी माणसाने काही केलंय का ते बघा: सायनाइड, सुरुंग, बोटीतून सांडलेलं काही. लगूनमध्ये टायटन ट्रिगरफिश अंगावर धावून आला तर तेही विषाचं वेड नाही, खाली त्याचं घरटं आहे. आडवं पोहत तिथून निघून जा.

लक्षद्वीपबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. 1998, 2010 आणि 2016 च्या उष्ण वर्षांत तिथली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली. मेलेल्या प्रवाळावर आधी बारीक शेवाळ चढतं, आणि गॅम्बिअर्डिस्कसला राहायला तेच आवडतं. तिथे पॅरटफिश आणि सर्जनफिश अजून चांगल्या संख्येने आहेत, कारण बेटांवरची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या गळाच्या ट्यूनावर चालली आणि रीफवरच्या माशांवर दाब कमी राहिला. शेवाळ खरवडणारे हे मासे आहेत तोवर गालिचा आखूड राहतो. अलीकडे रीफचे मासेही धरले जाऊ लागलेत. माझ्या दृष्टीने त्या सर्जनफिशच्या झिंगेपेक्षा ही काळजीची बाब आहे.

शेवटी, तुम्ही विचारलं नाहीये पण कोणीतरी विचारेलच: मासा कसा वागतो यावरून तो खायला सुरक्षित आहे का ते कळतं का? नाही. सिग्वाटेरा असलेला मासा ताजा, चपळ, चवीला उत्तम असतो. माशी बसते की नाही, चांदीचं नाणं काळं पडतं का, मांजराने खाल्लं का, या चाचण्यांवर भिस्त ठेवू नये. शिजवून, तळून, खारवून, गोठवून हे विष जात नाही. 2016 मध्ये मंगळुरू परिसरात तांबोशीच्या कुळातल्या माशांची डोकी खाऊन बरेच लोक एकदम आजारी पडले होते, ते सिग्वाटेराच होतं. तेव्हा हे दूरच्या प्रशांत बेटांवरचं दुखणं राहिलेलं नाही. रीफवर पकडलेला खूप मोठा हेकरू, तांबोशी, बॅराकुडा किंवा मोरे ईल असेल तर डोकं, यकृत आणि गाबोळी तरी टाळा, कारण विष तिथे जास्त साठतं. मासे खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब, ओठांना आणि बोटांना मुंग्या आणि गार पाणी हाताला चटका बसल्यासारखं लागणं, असं झालं तर दवाखान्यात गेल्या गेल्या आधी कोणता मासा, कुठला आणि कधी खाल्ला ते सांगा. बहुतेक डॉक्टर ते आपणहून विचारत नाहीत.